बारा किलोमीटरचे देणे

ज्या घरात प्रवासाला कधी पैसे पडत नाहीत, त्या घरात वाढलेल्या मनुष्याला वाटेचे मोल फार उशिरा कळते, आणि कळते तेव्हा ते बहुधा दुसऱ्याच्या पैशाने कळते. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. हे वर्कशॉप 1885 साली सदर्न मराठा रेल्वेच्या अमदानीत उभे राहिले. पुढे ती रेल्वे मद्रासच्या रेल्वेशी जोडली जाऊन तिचे नाव लांबले, 1951 साली ती दक्षिण रेल्वेत विलीन झाली, 1966 मध्ये आमचे हुबळी दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेले, आणि 2003 साली तर एका नव्या रेल्वेचे मुख्य ठाणेच हुबळीस आले. आप्पांच्या लेखी या साऱ्या स्थित्यंतरांत एकच गोष्ट महत्त्वाची होती, ती म्हणजे पाटीवरचे नाव कोणतेही असो, पास मिळत राहिला. त्या पासावर आम्ही मिरजेपर्यंत मीटर गेजने आणि तेथून पुढे बार्शी लाईटच्या चिमुकल्या डब्यांतून पंढरपूरला गेलो. लग्नकार्याला, बाराव्या-तेराव्याला, मामाच्या घरी सुटीला गेलो. आणि तिकिटाच्या खिडकीसमोर रांगेत उभी असलेली माणसे पाहून मला लहानपणी त्यांच्याविषयी, एखाद्या परक्या धर्माच्या लोकांविषयी वाटावे तसे, सौम्य कुतूहल वाटत असे.

रेल्वेच्या नोकरीसाठी मी तीनदा परीक्षेस बसलो आणि तिन्ही वेळा यादीत माझे नाव नव्हते. अखेर 1978 साली रायापूर येथील एका लहानशा कारखान्यात भांडारातला कारकून म्हणून मी रुजू झालो. पगार महिना दोनशे नव्वद. आप्पांनी नेमणुकीचा कागद दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हाती दिला आणि एवढेच विचारले, "आणि जाणार कसा?"

प्रश्न साधा नव्हता. हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे 1962 साली एका महानगरपालिकेखाली आणली गेली खरी, पण दोहोंमध्ये वीस किलोमीटरांचे अंतर आहे, आणि ते कागदावरच्या ठरावाने कमी होत नाही. रायापूर या वाटेवर जवळजवळ मध्यावर पडते. गदग रोडवरून, जेथे आमचे बिऱ्हाड होते, स्टेशनाला वळसा घालून होसूर, विद्यानगर, उणकलचे तळे, भैरिदेवरकोप्प, नवनगर अशी ठाणी ओलांडीत गेले म्हणजे पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला रायापूरच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसू लागत. त्यापुढे सत्तूर, आणि मग नवलूर, जेथल्या पेरूंच्या टोपल्या हंगामात रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडलेल्या असत. नवनगर त्या वेळी नावाप्रमाणेच नवे होते. दोन्ही शहरे एक ना एक दिवस या मधल्या माळावर येऊन भेटतील असे म्हणत. तोवर तो माळ आम्हा नोकरदारांनाच रोज तुडवायचा होता. माझ्या दारापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत बारा किलोमीटर. रेल्वेचा रूळ या रस्त्याच्या सोबतीनेच धावतो, उणकल, अमरगोळ, नवलूर अशी स्टेशनेही त्यावर आहेत, परंतु पॅसेंजरच्या वेळा आणि कारखान्याचा सातचा भोंगा यांचे कधी जुळले नाही. म्हणजे ज्या रुळांनी आमचे घर पोसले, त्यांनीच मला बाराच किलोमीटरांपुरते नाकारले.

मग उरली बस. एका फेरीचे सत्तर पैसे, जाऊन-येऊन एक रुपया चाळीस, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर छत्तीस रुपये चाळीस पैसे. पगाराचा हा जवळजवळ आठवा हिस्सा. मराठ्यांनी साऱ्या हिंदुस्थानातून चौथाई वसूल केली असे इतिहासात वाचले होते. तिच्या निम्मी वसुली एक मराठा कारकून दरमहा कंडक्टरच्या हाती भरीत होता. त्यातही बसचा एक स्वभाव होता. हुबळीहून सुटतानाच ती भरलेली असे, आणि ज्यांना थेट धारवाडला जायचे असे, त्यांना मधल्या थांब्यांचा मनापासून राग येई. "रायापूर!" असे मी ओरडलो की पाच-पंचवीस माना वळत, जणू मी त्यांच्या मुलाबाळांच्या आणि जेवणाच्या आड आलो होतो. (पुढे या मार्गावर खाजगी बसगाड्याही धावू लागल्या आणि त्यांना द. रा. बेंद्रे यांचे नाव दिले गेले. ज्याच्या घरची भाषा मराठी आणि ज्याची कविता कन्नड, त्या धारवाडच्या कवीचे नाव दोन शहरांमध्ये येरझारा घालणाऱ्या गाडीला शोभून दिसले, असे मला वाटते.)

हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने सात तारखेच्या आत पगार द्यावा असे 1936 चा वेतनाचा कायदा सांगत असे, आणि आमचे मालक कायद्याला इतके धरून होते की सहा तारखेला त्यांनी कधीही पगार दिला नाही. सबब दर महिन्याच्या पंचवीस तारखेपासून पुढच्या सहा तारखेपर्यंत माझ्या खिशात काही नसे. कामावर जाऊन पैसे मिळवायचे, आणि कामावर जाण्यासाठीच आधी पैसे हवेत, या चक्राचा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. त्या दिवसांत सकाळी साडेपाचला आई तुरीच्या डाळीचा डबा उघडी, कोपरापर्यंत हात आत घाली, आणि डाळीच्या तळाशी ठेवलेल्या पुरचुंडीतून एक रुपया आणि चार दहा-दहा पैशांची नाणी काढून माझ्या तळहातावर ठेवी. नाण्यांना डाळीची पिवळसर भुकटी लागलेली असे. बसमध्ये कंडक्टर ते नाणे बोटांनी चोळून बघे. सात तारखेला मी हे सारे पैसे तिला परत देत असे, ती ते न मोजता पुन्हा डाळीत खुपशी. आणि वर्षभरानंतर माझ्या ध्यानात आले की त्या डब्यातली डाळ आमच्या घरात कधी शिजतच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी आप्पांच्या फंडाच्या पैशांतून जुनी सायकल घेतली. तिच्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. सायकल माणसाला जे शिकवते ते पायांना शिकवते आणि पाय ते विसरतात. इतकेच सांगतो की धारवाड हे हुबळीपेक्षा साठ-सत्तर मीटर उंचावर आहे. बसमध्ये बसलेल्याला हे कधी जाणवत नाही, नकाशातही दिसत नाही, पण सायकलवर बसलेल्याला उणकलचे तळे मागे पडल्यापासून त्या मीटरांतला एकेक मीटर वेगळा मोजून मिळतो. त्यात आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा समोरून आणि त्याच्या सोबतीला आमच्याकडे ज्याला जिटिजिटी म्हणतात तो बारीक, न थांबणारा पाऊस. संध्याकाळी मात्र तोच उतार मला एखाद्या पाहुण्यासारखा घरापर्यंत पोचवून जाई. चार वर्षे मी असा गेलो आणि आलो.

1983 च्या उन्हाळ्यात भांडाराचा सारा कारभार माझ्याकडे आला. पगार चारशे ऐंशी झाला, आणि त्याबरोबर अशी अट आली की पहिल्या पाळीचा माल बाहेर निघण्यापूर्वी, म्हणजे साडेसहाला, कोठाराच्या किल्ल्या घेऊन मी हजर असावे, आणि संध्याकाळची आवक नोंदवल्यावाचून फाटक सोडू नये. फाटकावरचा जमादार सातच्या पुढे दहा मिनिटांनी कडी घाली. महिन्यात तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. त्या पावसाळ्यात माझे असे अर्धे दिवस इतके झाले की वाढलेल्या पगाराचा बराचसा भाग वाटेवरच गळून पडू लागला. मॅनेजरसाहेब ओसरीवर उभे राहून मनगटाकडे न पाहता विचारीत, "याक तडा आत?" उशीर का झाला याचे उत्तर त्यांना ठाऊक होते, कारण ते स्वतः नवनगरात राहत होते आणि मोटारीने येत होते.

मी अर्ज केला. विहित नमुना असा नव्हता, म्हणून मीच मजकूर रचला: कामाच्या वेळा पाहता स्वतःचे वाहन असणे अगत्याचे आहे, सबब सोळाशे रुपये तसलमात मंजूर व्हावी, ती पगारातून दरमहा ऐंशीप्रमाणे वीस हप्त्यांत वळती करून घ्यावी. अर्ज आठ दिवसांनी परत आला. त्यावर कोणताही शेरा नव्हता; फक्त ज्या टाचणीने मी तो जोडला होता ती टाचणी काढून घेतलेली होती. भांडारातली टाचणी होती ती. बँकेत गेलो तर तेथे दोन जामीन मागितले, आणि ते सरकारी नोकरीतले हवेत असे सांगितले. रेल्वेत कामाला लागलेल्यांसाठी त्यांची पतसंस्था होती, आणि आप्पांनी तिच्यातून माझ्या बहिणीचे लग्न आणि माझे शिक्षण केले होते. पण आप्पा आता निवृत्त होते, आणि मी तर त्या दप्तराच्या बाहेरचाच.

वाहन मात्र नजरेत भरून राहिले होते. विद्यानगरच्या एका महाविद्यालयातल्या प्रयोगशाळा-सहायकाची लूना होती. बजाजची स्कूटर नोंदवली की ती हाती येईपर्यंत त्या काळी वर्षानुवर्षे जात, आणि तो मधला वनवास लोक लूनावर काढीत. या गृहस्थाचा नंबर अखेर लागला होता आणि त्याला लूना काढून टाकायची होती. पन्नास सीसीची ती गाडी, पुढे पाय ठेवायची सपाट जागा, आणि इंजिन रुसले तर मारायला पेडल. किंमत सोळाशे, पैशाचीही घासाघीस नाही, आणि दसऱ्यापर्यंत मुदत.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावोजीही रेल्वेतच, आणि त्यांचे क्वार्टर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पण पापड लाटून विकण्याचा तिचा व्यवहार इतका चोख की कॉलनीतल्या कोणाकडे किती शेकडा पापड गेले आणि कोणाचे पैसे आले, हे तिला कागदावाचून पाठ असे. मी तिच्याकडे पैसे मागितले नव्हते. आईने सांगितले असावे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती दुपारी आली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्याली, आणि बाहेर येऊन पदराच्या गाठीतून एक रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला. सोळाशे रुपये. नोटांना हिंगाचा वास येत होता.

आप्पांनी झोपाळ्यावरूनच विचारले, "व्याज काय घेणार?"

"घरात कसलं व्याज, आप्पा?" ती म्हणाली. "महिन्याला ऐंशी दे म्हणावं. त्याच्या अर्जात लिहिल्यासारखं."

मी म्हटले, "अक्का, एक चिठ्ठी लिहून देतो. मुदत, हप्ता, सगळं. तुझ्याजवळ असू दे." त्यावर ती एवढी हसली की आईला काय झाले ते पाहायला बाहेर यावे लागले.

लूनाने माझे आयुष्य सुधारले यात संदेह नाही. पाऊण तासाची आणि वर वाऱ्याच्या मर्जीची वाट पंचवीस मिनिटांवर आली. गाडीचे दोषही मी लवकरच जाणून घेतले. तेल मिसळलेल्या पेट्रोलावर चालणारी ती गाडी, महिन्यातून दोनदा तरी तिच्या प्लगवर काजळी धरे, आणि बहुधा ती उणकलच्या चढावरच धरे; मग तळ्याच्या काठी गाडी उभी करून, पाना लावून, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, त्याच्या टोकाची फट पोस्टकार्ड घालून मापायची, आणि काळी झालेली बोटे तळ्याच्या पाण्यात धुवायची. पहाटेच्या अंधुक उजेडात हे करीत असताना एकदा पाण्यावरून उठलेला बगळ्यांचा थवा मी पाहिला होता, आणि त्या दिवशी उशीर झाला तरी त्याचे काही वाटले नव्हते.

पण गाडी दारात उभी राहिली त्याच आठवड्यापासून तिच्यावर माझ्यावाचून आणखी कोणाचा तरी हक्क आहे हे हळूहळू कळू लागले. प्रथम अक्काचा गहू. पुढच्या सपाट जागेवर दहा किलोंचा डबा नेमका बसतो हा शोध तिनेच लावला. मग दुर्गदबैलच्या बाजारातून उडदाची डाळ. मग दाजीबान पेठेतल्या तुळजाभवानीला तिच्या सासूबाईंना नेणे-आणणे. मग पापडांच्या पुड्या विद्यानगरला पोचवणे, "तू त्याच वाटेनं जातोस की." रविवारचा दिवस, जो सायकलच्या काळात निखळ माझा होता, तो आता तिच्या दळण-कांडणाच्या खेपांनी भरून जाऊ लागला. मी एकदाही नाही म्हटले नाही. ज्याने घेतलेले असते त्याला नाही हा शब्द उच्चारता येत नाही, आणि तो शब्द मग दुसऱ्या कोठून तरी बाहेर पडतो. माझा तो वहीतून बाहेर पडला.

भांडारपालाची बुद्धी ही आवक, जावक आणि शिल्लक या तीन रकान्यांतच चालते. कारखान्यातल्या प्रत्येक कप्प्याला एक पत्रक टांगलेले असे आणि एक नट जरी बाहेर गेला तरी त्यावर नोंद पडे. मी शंभर पानी वही घेतली आणि तिच्यात अक्काच्या खेपा मांडू लागलो: तारीख, काम, किलोमीटर. महिना शेकडा एक दराने घटत्या मुद्दलावर वीस हप्त्यांचे व्याज काढले तर ते एकशे अडुसष्ट रुपये होते. पेट्रोल, तेल आणि झीज मिळून किलोमीटरला वीस पैसे धरले, तर एकशे अडुसष्ट रुपये म्हणजे आठशे चाळीस किलोमीटर. तेवढ्या खेपा झाल्या की व्याज फिटले. त्यापुढील प्रत्येक खेप हा माझा तिच्यावर उपकार. या गणितात मला जो आनंद होत असे तो आज आठवला तरी संकोच वाटतो, परंतु होत असे हे खरे. 1984 च्या ज्येष्ठात एकूण सातशे साठ झाले होते. मी शिसपेन्सिलने समासात लिहिले होते: "बाकी 80".

श्रावणातल्या एका रविवारी मी ती वही तिच्याच घरी, दाराजवळच्या कोनाड्यात विसरलो. तासाभराने परत गेलो तेव्हा ती पाटावर बसून पापडाच्या लाट्या करीत होती, आणि वही शेजारी परातीला टेकवून उघडी ठेवलेली होती. तिचे हात पिठाचे होते, म्हणून पाने उलटताना कोपऱ्यांना पांढरे डाग पडले होते. कोणते पान तिने किती वेळ वाचले होते ते त्या डागांवरून कळत होते.

"हे काय लिहायलास रे?" तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता.

मी काहीतरी सांगितले. पेट्रोलचा हिशोब, गाडीचा ॲव्हरेज, असे काहीतरी.

तिने पिठाचे बोट एका ओळीवर ठेवले. आषाढातली ओळ होती. धाकट्याला रात्री ताप चढला होता, भावोजी रात्रपाळीला होते, आणि मी त्याला आणि तिला गाडीवर घेऊन पावसातून डॉक्टरांकडे गेलो होतो. तो दोघांच्या मध्ये होता आणि त्याच्या अंगाची ऊब माझ्या पाठीला ओल्या सदऱ्यातून लागत होती. ओळीत लिहिले होते: "बाळ, डॉक्टर, जाऊन-येऊन, 6".

"बाळाच्या तापाचंही मांडलंस होय?" ती म्हणाली, आणि लाट्या करू लागली.

त्यानंतर ती माझ्या गाडीवर बसली नाही. भांडण झाले नाही, बोलणे थांबले नाही, सणावाराला पुरणपोळी येत राहिली. पण दळणाचा डबा डोक्यावर घेऊन ती चालत गिरणीत जाताना मी कितीदा तरी पाहिली, आणि मी गाडी थांबवली की, "जा, जा, तुला उशीर होईल," असे म्हणून ती रस्त्याच्या कडेने पुढे जाई. हप्ते मी नियमाने देत होतो. दर महिन्याच्या सात तारखेला संध्याकाळी मी तिच्या दारात उभा राही, ती ऐंशी रुपये मोजून घेई, आणि चहा देई.

1985 च्या जूनमध्ये, वटपौर्णिमा होऊन दोन-चार दिवस गेले असतील, आईला कॉलनीतल्या एका घरी सोडण्यासाठी मी गेलो होतो. बायकांची भिशी त्या महिन्यात संपत होती आणि त्यानिमित्त सुसला आणि चहा होता. भिशी म्हणजे काय हे मला ठाऊक होते, ते आपल्याकडे सर्वांनाच असते. 1982 साली केंद्र सरकारने चिट फंडांचा कायदा केला, नोंदणी, तारण, तपासणी यांची कलमे घातली, पण माजघरातल्या भिशीला कोणता निबंधक विचारायला येतो? या भिशीत चोवीस बायका होत्या, महिन्याला प्रत्येकीचे पंचाहत्तर, म्हणजे अठराशेची रास. ज्या बाईला निकड असेल तिने बोली बोलायची: मी इतके कमी घेईन. जी सर्वांत जास्त सोडील तिला रास मिळायची आणि सोडलेली रक्कम चोवीस जणींत वाटली जायची. जी थांबू शकते तिचा लाभ, आणि जिला थांबता येत नाही तिच्या खिशातून तो लाभ निघतो. इतका हा सरळ हिशोब आहे, आणि कोणाच्याही मनात कटुता न येता तो पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे.

दारात मी गाडीचा स्टँड लावीत असता घरमालकीणबाई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "तुझ्या अक्कानं चौथ्या महिन्यातच उचलली बघ. दसऱ्याच्या तोंडावर. दोनशे चाळीस सोडले बाईनं! आम्हाला काय, दहा-दहा रुपये फुकटचे सुटले."

पुढचे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केले, कारण मला दुसरे काही येत नव्हते. अठराशेतून दोनशे चाळीस वजा, पंधराशे साठ. सोळाशे करायला तिने वरचे चाळीस पापडांच्या पैशांतून घातले असले पाहिजेत. हिंगाचा वास त्या चाळिसांचा होता की साऱ्याच नोटांचा, कोण जाणे. सोडलेल्या दोनशे चाळिसांतले तिच्या वाट्याचे दहा तिला परत मिळाले असतील, म्हणजे निव्वळ दोनशे तीस. घरात व्याज नसते असे ती म्हणाली होती ते माझ्यापुरते खरे होते; व्याज होते, ते तिने पहिल्याच दिवशी, माझ्या हाती रुमाल येण्यापूर्वी भरून टाकले होते. आणि मी एकशे अडुसष्टांचे किलोमीटर मांडीत बसलो होतो. माझी कीर्द चोख होती, बेरजेत एकही चूक नव्हती. फक्त ती ज्या खात्याची होती ते खातेच मी उघडले नव्हते.

माझा विसावा हप्ता त्याच महिन्यात होता. तिचा भिशीतला शेवटचा हप्ताही त्याच महिन्यातला. माझे ऐंशी आले की त्यातले पंचाहत्तर ती भिशीत भरीत होती, हे तेव्हा उलगडले, आणि महिन्याला ऐंशी हा आकडा तिने एवढ्या सहजपणे का मान्य केला तेही. सात तारखेला मी तीनशे दहा रुपये घेऊन गेलो. तिने मोजले. ऐंशी बाजूला काढले, उरलेले दोनशे तीस पुन्हा एकदा मोजले, आणि माझ्याकडे पाहिले.

"हे कुठं मांडणार?" तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. तिने ते पैसे माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवले, खिशाचे बटन लावले, आणि भावोजींना हाक मारून सांगितले, "ह्याचं फिटलं हो." मग ती आतून गव्हाचा डबा घेऊन बाहेर आली, आणि काही न बोलता तो गाडीच्या सपाट जागेवर ठेवला.

लूना मी आणखी सहा वर्षे वापरली. रायापूरचा कारखाना मी सोडला तो निवृत्तीच्या वेळी. त्याच्या आधी आणि नंतर त्या रस्त्याचे जे जे झाले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले. 2018 साली रस्त्याच्या मधोमध राखलेल्या मार्गावरून चिगरी नावाच्या वातानुकूलित बसगाड्या धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरीण. त्या मार्गावर रायापूरला आता स्वतःचे स्थानक आहे, काचेचे दरवाजे आहेत, आणि रायापूर म्हणून ओरडावे लागत नाही, कारण आत एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात ते नाव कोणत्याही भाषेला न दुखवता उच्चारते.

भावोजी गेल्यावर अक्का फारशी बाहेर पडत नसे. परंतु 11 जून 2023 पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमधून बायकांना प्रवास विनामूल्य झाला, आणि रेल्वेच्या पासावर वाढलेल्या त्या बाईला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपला पास परत मिळाल्यासारखे झाले. आषाढातल्या एका सकाळी तिने निरोप पाठवला की रायापूरला इस्कॉनचे मंदिर आहे म्हणतात, ते पाहायचे आहे. मी म्हटले चिगरीने जाऊ, गार हवा असते. तिने मान हलवली. गार हवेचे पैसे पडतात.

साध्या बसमध्ये कंडक्टरने तिला शून्य रकमेचे तिकीट दिले आणि मला पैशाचे. ते शून्य तिने दोन्ही बाजूंनी पाहिले आणि बटव्यात ठेवले. जिटिजिटी पाऊस लागला होता. उणकलचे तळे मागे गेले, भैरिदेवरकोप्प गेले, नवनगर गेले. मंदिर पाहून झाल्यावर ती म्हणाली, "तुझा कारखाना कुठला रे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले की चाळीस वर्षांत ती येथे कधी आलीच नव्हती. मी तिला हाताला धरून रस्त्याच्या कडेने नेले. फाटक तेच होते, नाव दुसरे होते, आणि आत आता कसले तरी गोदाम आहे. जमादाराच्या चौकीत एक पोरगा मोबाइल पाहत बसला होता. अक्का छत्रीखाली उभी राहून फाटकाकडे, मग आम्ही आलो त्या रस्त्याकडे, मग पुन्हा फाटकाकडे पाहत राहिली.

"हे?" ती म्हणाली. "हे एवढं जवळ होतं होय? मला आपलं वाटायचं, कुठं लांब जातोस."

मी तिला चढ दाखवला. बसमधून तो दिसला नसावा.